वीतभर वर

परवा सकाळी मी म्हशीचा थर्मामीटर स्वतःच्या तोंडात धरला. एका हातात सलाईनची बाटली होती, दुसऱ्या हातात म्हशीची शेपटी, आणि तिसरा हात देवाने गुरांच्या डॉक्टरांना अजून दिलेला नाही. म्हशीच्या मालकाने ते पाहिलं आणि समजूतदारपणे गव्हाणीकडे तोंड फिरवलं. थर्मामीटर स्पिरिटने पुसलेला होता, असं मी त्याला दोनदा सांगितलं. दोनदा सांगावी लागते ती गोष्ट समोरच्याला पटलेली नसते, हे मला कळतं. तरी निघताना तिसऱ्यांदा सांगितलं.

दोष भोंग्याचा. नेमका त्याच वेळी पुरुषोत्तमनगरच्या बाजूने कारखान्याचा भोंगा आला, या हंगामातला पहिला, आणि माझा हात जिथे जायचा तिथे न जाता तोंडाकडे आला. लोकांना भोंगा ऐकला की उसाचा भाव आठवतो. मला एक केळीचा खांब आठवतो, त्यावर चिकटवलेली लाल टिकली, आणि टिकलीच्या वीतभर वर रुतलेली सुई.

हंगाम सुरू झाला की आमच्या शहाद्याकडच्या हवेचा वासच बदलतो. मळीचा आंबूस-गोड वास आधी रस्त्यावर येतो, मग अंगणात, मग उशीच्या अभ्र्यात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात आणि ट्रॅक्टरवाल्याचं गाणं इतकं मोठं असतं, की मागे आपण हॉर्न वाजवतोय हे त्याला पुढच्या हंगामात कळावं. धडगावच्या घाटातून तोडणीवाल्यांचे टेम्पो उतरतात. त्यात माणसं, भांडी, कोंबड्या, एखादी शेळी, आणि सगळ्यांच्या वर उलटी बांधलेली बाज. वर्षभर आमची गावं उसाच्या दोन भिंतींमध्ये जगतात. वळणावर समोरून बैलगाडी येतेय की नवरदेव, ते दिसत नाही. मग कोयते चालू होतात, भिंती एकेक करून पडतात, आणि एका सकाळी शेताच्या बांधावर उभं राहिलं की एकदम थेट सातपुडा दिसतो. तो कुठे गेलेला नसतो. तरी दरवर्षी मला तो नवा आल्यासारखा वाटतो.

या उसात बिबटे राहतात. त्यात आता बातमी अशी काही राहिलेली नाही. कधीकाळी कोणीतरी डोंगरातून उतरलं असेल. पण उसात जन्मलेल्या पिल्लाला सातपुडा माहीत नसतो. त्याला ऊस हेच रान. आणि ते रान दिवाळीनंतर रोज थोडं थोडं तुटत जातं. तोडायला येणारी माणसंही त्याच डोंगरातली. दोघंही पोटासाठी खाली उतरलेली आणि दोघांची गाठ पडते ती शेवटच्या आठ-दहा सऱ्यांत. हा विचार मला सुचला तेव्हा मी तो निर्मलाला ऐकवला. निर्मला म्हणजे माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळेत ती प्रमाण मराठी बोलते, घरात अहिराणी, आणि राग आला की निव्वळ अहिराणी. तिने विचार ऐकून घेतला आणि म्हणाली, छान आहे, आता गॅसची टाकी लावून द्या.

तर ती बंदूक. भुलीची. तिच्यातून गोळी नाही, सुई उडते. सुईच्या मागे लोकरीचा लाल गोंडा असतो आणि पोटात औषध. बंदूक वन खात्याची, पण ती चालवायला शिकलेला आसपास मी एकटाच, म्हणून हंगामात ती माझ्याकडे यायची. बंदुकीवर एक दुर्बीण बसवलेली असते. तिच्यातून बघितलं की काचेत बारीक फुली दिसते. फुली जिथे, सुई तिथे. निदान तसा करार असतो.

हा करार तपासायला मी खिशात टिकल्यांचं पाकीट बाळगायचो. पंचवीस पावलांवर झाडाला टिकली लावायची, सुईत नुसतं पाणी भरायचं आणि मारून बघायची. बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानात मी लाल, मोठ्या, एकाच मापाच्या टिकल्या इतक्या वेळा मागितल्या की तिथल्या बाईने एकदा निर्मलाला फारच मायेने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

मी सांगतोय त्या हंगामाच्या आधीच्या हंगामात माझ्या हातून एक बिबट्या गेला होता. विहिरीत पडलेला, कपारीवर बसलेला. काठावर अख्खं गाव जमलं होतं, मोबाइल वर धरून. सुई मांडीत बसायला हवी होती, ती पोटात बसली. पिंजऱ्यात घेईपर्यंत तो गेला. मी अहवालात लिहिलं, की वन्यप्राण्याने अचानक हालचाल केल्यामुळे. तो हलला होता हे खोटं नव्हतं. किती हलला होता, एवढंच मी लिहिलं नाही. काठावरून लोक ओरडत होते, साहेब मारा, साहेब मारा, आणि मी मारली. त्यानंतर वर्षभर मी कुठल्याही गाईला इंजेक्शन देताना एक क्षण थांबायचो. गाई चांगल्या असतात. त्या काही विचारत नाहीत.

मग दसरा आला. आमच्या घरात दसऱ्याला पाटावर जे मांडलं जातं ते बघून एखाद्याला वाटावं, चोरीचा माल पकडलाय. माझी तपासायची नळी, सिरिंजा, खूर कापायची कातर, निर्मलाची शिवणाची मशीन, तिच्या शाळेची छडी (जी ती कधीच वापरत नाही, पण पूजेला लागते), मिक्सर, जीपची चावी आणि मधोमध बंदूक. आदल्या दसऱ्याला हळदकुंकू वाहताना दुर्बिणीच्या काचेवर कुंकू सांडलं होतं आणि पुढचे चार दिवस मला जग गुलाबी दिसलं होतं. चष्म्याच्या फडक्याने पुसून पुसून ते गेलं. म्हणून या दसऱ्याला मी शहाणपणा केला. दुर्बीण आधीच काढून कपाटात ठेवली, बंदुकीची साग्रसंगीत पूजा केली, झेंडू वाहिले, कुंकवात भिजवलेल्या लालबुंद अक्षता मूठभर टाकल्या, आरती केली आणि लगेच दुर्बीण परत चढवून चारही स्क्रू घट्ट पिळून टाकले. निर्मला पाट उचलत होती. ती म्हणाली, "बठ्ठं झटकी ल्या पह्यले, मंग बसाडा." मी म्हणालो, तू मला बंदूक शिकवू नकोस. हे वाक्य मी तिला गेल्या तीस वर्षांत वेगवेगळ्या वस्तूंबद्दल म्हटलेलं आहे.

दिवाळी झाली, भोंगा झाला, आणि सातव्या-आठव्या दिवशी सकाळी दहाला वनरक्षक वळवी मॅडमचा फोन. तापीकाठी जगनभाईंच्या उसात बिबट्याची मादी फाशात अडकलीय.

जगनभाई म्हणजे तिकडचे गुजर शेतकरी. ऊस, केळी, थोडा कापूस. पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय एक शब्द न बोलणारा माणूस. मी जीपमधून उतरलो तेव्हा त्यांचा ऊस तुटत तुटत अगदी थोडा उरला होता, बैठकीच्या खोलीएवढा हिरवा तुकडा, आणि त्याच्या कडेला बाभळीच्या खुंटाला मोटारसायकलच्या क्लचची वायर बांधलेली. वायरीच्या दुसऱ्या टोकाला ती. फास कमरेभोवती आवळलेला. ती ओरडत नव्हती. त्याचीच भीती वाटत होती. ती मान वळवून वायर चावत होती, थांबत होती, आमच्याकडे बघत होती आणि परत चावत होती. एखादी बाई दाताने दोरा तोडते तशी.

"डाक्टरसाहेब, चहा लेतस ना?" जगनभाई म्हणाले. मग खालच्या आवाजात, "हाई फासा मी नही लाया. डुकरंसना तरास शे, पन मी नही लाया." मी त्यांना विचारलं नव्हतं.

वळवी मॅडमनी तोवर पुष्कळ काम करून ठेवलं होतं. गर्दी रस्त्यापलीकडे, तोडणीवाले सगळे ट्रॉल्यांमध्ये बसवलेले. त्यांच्या पाचटाच्या झोपड्या बाभळीपासून साठ-सत्तर पावलांवर होत्या, सरळ रेषेत. वायर तुटली तर पळून जायला मादीला हाच एक मोकळा रस्ता होता, कारण बाकी तिन्ही बाजूंना माणसं होती. मॅडमनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाल्या, "सर, वायरीचे पीळ सुटतायत. सकाळपेक्षा जास्त."

दोन सुयांपुरतं औषध होतं. एक सुई चुकली तर मादी बिथरून वायर तोडणार, हे नक्की. पोटात बसली तर काय, ते मला ठाऊक होतं. आणि भर उन्हात भूल दिली तर तिचं अंग तापून ती तशीही जाणार. म्हणजे ऊन उतरेपर्यंत थांबायचं आणि वायर तोवर टिकेल अशी आशा करायची. मी म्हणालो, तोपर्यंत मी केळीवर एक सुई मारून बघतो. हे मी नेहमीच करतो. सहज म्हणून गेलो.

बांधापलीकडे जगनभाईंचा केळीचा बाग. एका जाड खांबाला टिकली लावली, पंचवीस पावलं मोजली, फुली टिकलीवर धरली, श्वास सोडला, मारली.

सुई टिकलीच्या वर बसली. वीतभर वर. मी हात लावून मोजली. आणि दोन बोटं डावीकडे.

माणूस आजारी पडला की सांगतो, इथे दुखतं. जनावर सांगत नाही. म्हणून आमच्या धंद्यात लक्षण धरून एकेक पाऊल मागे जायचं असतं. वैरण काय खाल्ली, पाणी कुठलं प्यायलं, काल कुठे चरायला गेली. आयुष्यभर मी हेच करत आलो, आणि त्या दुपारी तेच एका बंदुकीवर करायला बसलो, खताच्या रिकाम्या गोणीवर मांडी घालून. आधी गॅस, कारण सुई त्याच्याच दाबाने उडते. उन्हाने दाब वाढला असेल. काटा बघितला, थोडा गॅस सोडला, पुन्हा मारली. चार बोटं वर, पण आता उजवीकडे. मग सुई. एका सुईचा गोंडा विस्कटला होता, तो बदलला. वीतभर वर. मग काच पुसली. मग वाऱ्याकडे बघितलं. केळीचं एक पान हलत नव्हतं. मग बंदूक हातात न धरता खताच्या दोन भरलेल्या गोण्यांवर टेकवून मारली. तीन बोटं वर. मग दुर्बिणीवरची चकती फिरवली. घड्याळाला चावी देतात तशी ती टक टक करत फिरते आणि प्रत्येक टकटकीला नेम थोडा खाली येतो. फुली खाली आणली, मारली, सुई टिकलीखाली गेली. बरं वाटलं. हिशेब जमला म्हणून पुन्हा मारली, तर पुन्हा वर.

हे सगळ्यात वाईट. नेम एकाच बाजूला चुकत असता तर मी तेवढा बाजूला धरून मारला असता. हा दर वेळी वेगळा चुकत होता.

बांधापलीकडून मधूनच खर्रर्र असा आवाज यायचा आणि थांबायचा. थांबला की मी मान वर करून वळवी मॅडमकडे बघायचो. त्या हाताने खूण करायच्या: अजून आहे. जगनभाईंचा चहा तिसऱ्यांदा आला. केळीचा चीक माझ्या मनगटावर, शर्टावर, चष्म्याच्या दांडीवर. सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. ज्या वेळेची मी सकाळपासून वाट बघत होतो ती वेळ येत होती, आणि आता ती यायला नको होती.

मग मनात जे येऊ द्यायचं नव्हतं ते आलं. गॅस बरा, सुई बरी, वारा नाही. राहिला कोण? पन्नाशी उलटलेला, दुहेरी काचेचा चष्मा घातलेला, विहिरीच्या काठावर एकदा हललेला एक डॉक्टर. मी माझा उजवा हात समोर धरून बघितला. तो थरथरत नव्हता. पण मी बघतोय म्हणून नसेल थरथरत, असंही वाटलं.

मी वळवी मॅडमना बोलावलं. त्यांनी प्रशिक्षणात बंदूक चालवलेली होती, पण भुलीची कधी नाही. म्हणालो, एक सुई तुम्ही मारा. मी कारण सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्या गुडघ्यावर बसल्या, मारली, उठून खांबापर्यंत चालत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

"सर, तुमचा हात नाही. माझीही वरच गेली."

आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या चुकलेल्या नेमाने मला इतका आनंद झालेला नाही. आणि तो आनंद कुणाला दिसू नये म्हणून मी लगेच चष्मा पुसायला घेतला. हात बरा होता. पण बंदूक आजारीच होती, वायर चावली जात होती, आणि मी आता पुसण्यासारखं सगळं पुसून बसलो होतो. म्हणून पुन्हा काच पुसायला लागलो.

"डाक्टर, तू वरनं वरनं काय पुसतो?"

मागे एक तोडणीवाली बाई उभी होती. बगलेत कोंबडी. रेवलीबाई. धडगावच्याही वरच्या एका पाड्यावरची. बाकीचे ट्रॉलीत बसले होते, पण हिची नात झोपडीतल्या झोळीत झोपली होती ती उचलून आणली, ट्रॉलीत सुनेजवळ दिली, मग कोंबडी राहिली म्हणून परत गेली, आणि आता कोंबडी घेऊन ट्रॉलीकडे जाता जाता आमचं काय चाललंय ते बघायला थांबली होती. डोंगरातली माणसं सगळ्यांना तू म्हणतात. देवालाही आणि कलेक्टरलाही. मॅडम तिला रागावल्या, इथून जा म्हणाल्या. ती गेली नाही.

मी म्हणालो, बाई, ही नळी नीट बघत नाही. मी दाखवतो तिकडे सुई जात नाही.

तिने बंदुकीकडे बघितलं. हात लावला नाही. म्हणाली, "आमचा कोयता असा हालला, ऊस एकदा वर तुटला, एकदा खाली तुटला, तं आम्ही पातं नाय पुसत. मूठ काढतो. मुठीत काय तरी जाऊन बसेल असतं. पाचट, खडा." मग कोंबडी दुसऱ्या बगलेत घेत म्हणाली, "पातं कधी खोटं नाय बोलत."

मी सगळं तपासलं होतं. फक्त दुर्बिणीची बैठक तपासली नव्हती, कारण ती मी स्वतः बसवली होती. चारही स्क्रू स्वतःच्या हाताने पिळले होते, देवासमोर. जे काम आपण स्वतः केलं, तेही मन लावून केलं, तिथे आपला हात तपासायला जातच नाही. गावातल्या कुठल्याही गोठ्यात मी आधी विचारतो की काल कुणी काय केलं. स्वतःला विचारायचं राहिलं होतं.

जीपमधून एलन-की आणली. चार स्क्रू सोडले. दुर्बीण उचलली. मागच्या बैठकीखाली, पोलादाच्या दोन चकचकीत पट्ट्यांमध्ये, चपटा होऊन बसला होता तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल झालेला. अर्धा चिरडलेला, अर्धा शाबूत; दर सुईला बसणाऱ्या हिसक्याने थोडा थोडा सरकणारा. पाठीमागून एका दाण्याएवढी दुर्बीण वर उचललेली, म्हणून फुली टिकलीवर आणली की बंदुकीची नळी आपोआप वर. आणि दाणा सरकेल तसा नेम सरकणार.

वळवी मॅडम वाकून बघत होत्या. त्यांच्या गळ्याशी हसू अडकल्याचा आवाज आला. रेवलीबाईने मात्र सरळ विचारलं, "हा देवाचा का?"

मी म्हणालो, हो.

"मग बरोबर," ती म्हणाली आणि कोंबडी घेऊन ट्रॉलीकडे गेली. काय बरोबर, ते मी आजवर विचारलेलं नाही. ती अजून दर हंगामाला येते. रस्त्यात जीप दिसली की कोयता वर करून ओरडते, डाक्टर, मूठ काढून बघितली का?

दाणा मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदात गुंडाळून खिशात ठेवला. बैठक फुंकली, फडक्याने पुसली, बोटाने चाचपली, परत फुंकली. दुर्बीण चढवली, स्क्रू पिळले, फिरवलेली चकती परत जागेवर आणली. मारली. टिकलीला वरून चाटून गेली. दोन टकटकी. मारली. टिकलीच्या मधोमध.

त्यानंतरची पाऊण घटका मला नीट सांगता येत नाही. तिथे मी फक्त डोळा होतो. जीपच्या आडून सरकत बाभळीपासून पंचवीस पावलांवर आलो. ऊन तिरपं झालं होतं. वायर दोन-तीन तारांवर आली होती; मॅडमनी मागून बोटं दाखवली. मी काचेत बघितलं. फुली तिच्या मांडीवर. ती चावायची थांबली आणि थेट माझ्याकडे बघू लागली. मांडी आता दिसत होती, पण तिरपी. अशाच क्षणी मी त्या विहिरीच्या काठावर मारली होती. आता कोणी ओरडत नव्हतं. जगनभाईंनी रस्त्यावरच्या गर्दीला काय सांगितलं होतं देव जाणे, पण दोनशे माणसं एकदम गप्प होती. मी मारली नाही. श्वास घेतला, सोडला, परत घेतला. तिने मान वळवली, वायर तोंडात घेतली, आणि मांडी माझ्यासमोर पूर्ण आली.

लाल गोंडा मांडीच्या मांसात उभा राहिलेला दिसला. टिकलीसारखा.

ती उसळली. वायरीची एक तार तुटल्याचा आवाज मला ऐकू आला, खोटं नाही सांगत. ती एकदा उलटी फिरली, एकदा पडली, उठली, बसली. मी घड्याळ बघत होतो. चौथ्या मिनिटाला तिची मान हलायला लागली. सातव्या मिनिटाला तिने ती जमिनीवर ठेवली. वर्गातलं मूल बाकावर ठेवतं तशी, हळूच. आणखी तीन मिनिटं आम्ही कुणीच हललो नाही.

जवळ जाऊन डोळ्यांवर ओलं फडकं घातलं. श्वास बघितला, ताप बघितला. (थर्मामीटर त्या दिवशी जिथे लावायचा तिथेच लावला.) फास मांसात रुतला होता, पण आत गेला नव्हता. मी म्हणालो, वायर कापायला पकड पाहिजे. ती कोणाकडे आहे हे विचारायच्या आत जगनभाईंनी खिशातून काढून पुढे केली. नवी, जाड वायर कापायची. वळवी मॅडमनी पकडीकडे बघितलं, जगनभाईंकडे बघितलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. जगनभाईंनी मान खाली घातली. मग त्यांनीच वाकून, तिच्या पोटाखाली हात घालून, तिला पिंजऱ्यात ठेवायला मदत केली.

तिन्हीसांजेला पिंजरा निघाला तेव्हा ती डोकं उचलून बसली होती. पुढे तिला कुठे सोडलं ते मला माहीत आहे, सांगणार नाही. ट्रॉल्यांमधून माणसं उतरली आणि झोपड्यांसमोर चुली पेटल्या. नात झोळीत परत गेली. कोंबडीचं काय झालं, ते विचारायचं राहिलं.

दाणा अजून माझ्याकडे आहे. लसीच्या रिकाम्या बाटलीत, बूच लावून, टेबलाच्या खणात. बंदूक आता दुसऱ्या तालुक्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे असते. मी फक्त सल्ला देतो, न विचारता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांना फोन करतो. त्या हो सर म्हणतात. दोनदा सांगावं लागतं.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा निर्मला ओट्यावर बसून वह्या तपासत होती. तिने आधी माझा शर्ट बघितला. केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं. मी चपला न काढताच सगळं सांगितलं. वायर, टिकली, वीतभर वर, रेवलीबाई, आणि खिशातून कागद काढून तिच्या वह्यांवर तो दाणा ठेवला. तू झटकायला सांगितलं होतंस, हेही सांगितलं. एवढा प्रामाणिकपणा केल्यावर मला वाटलं, आता थोडं मला मिळायला हरकत नाही. वर्षभर जे मनात घेऊन फिरत होतो ते मी हलकेच पुढे सरकवलं. म्हणालो, म्हणजे बघ निर्मला, विहिरीतल्या त्या वेळी सुद्धा असंच काहीतरी असणार. बंदूकच चुकली असणार. मी उगाच इतके दिवस.

तिने दाणा बोटावर घेतला, उजेडात धरून बघितला. मग लाल पेनाला टोपण लावलं.

"मांगला दसराले तुम्ही दुर्बीण काढीच नही व्हती," ती म्हणाली. "कुंकू सांडनं व्हतं ना तिनावर. तो तुमनाच हात व्हता." मग वह्या बाजूला ठेवून उठली. "आन आजना बी तुमनाच. चाला, हात धोई ल्या. वाढस मी."